कोंबड्यांवरील ताण आणि जिवाणूंचे आजार : विदर्भातील कुक्कुटपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न करार पद्धतीने मांसल कोंबड्या वाढवणारे, अंड्यांसाठी पिंजऱ्यात कोंबड्या ठेवणारे आणि दारात पाच-दहा गावरान कोंबड्या असलेले अशा तिन्ही प्रकारच्या पालकांकडून येत असतात. उत्तरे विदर्भातील हवा, पाणी आणि शेडची बांधणी लक्षात घेऊन लिहिली आहेत. नाशिक किंवा पुण्याकडील पालकाला ती जशीच्या तशी लागू पडतीलच असे नाही.

प्र. १. कोंबडीला ‘ताण’ येतो म्हणजे नेमके काय होते?

कोंबडीला कर्जाची किंवा लांबलेल्या पावसाची चिंता नसते, म्हणून हा शब्द ऐकला की अनेकांना हसू येते. येथे ताण याचा अर्थ एवढाच की, शरीराचा तोल ढळवणारी एखादी गोष्ट घडते आणि तो सावरण्यासाठी शरीराला आपली शिल्लक खर्च करावी लागते. ऊन, थंडी, दाटी, अमोनियाचा वास, तहान, उपास, वाहतूक, लसीकरण, खाद्यातील बुरशी, कुत्र्या-मांजराची भीती ही सगळी ताणाचीच कारणे आहेत. हान्स सेल्ये या वैज्ञानिकाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की, त्रास कोणत्याही प्रकारचा असला तरी शरीराचे उत्तर बरेचसे ठरलेले असते : मूत्रपिंडाजवळील अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात आणि रोगप्रतिकाराशी संबंधित असलेली थायमस ग्रंथी आक्रसते. कोंबडीच्या बाबतीतही हीच दोन टोके एकमेकांना बांधलेली आहेत, आणि पुढची बहुतेक उत्तरे त्या बांधणीभोवतीच फिरतात.

व्यवहारात लक्षात ठेवायचे ते हे की, ताण एकावर एक चढत जातात. नुसते ऊन पक्षी सोसतो. ऊन, दाटी आणि त्याच दिवशी दिलेली लस मात्र त्याला सोसवत नाही.

प्र. २. ई. कोलाय हा जिवाणू निरोगी कोंबडीच्या पोटातही असतो, असे डॉक्टर सांगतात. मग त्यानेच बॅच कशी मरते?

असतो, हे खरे आहे. प्रत्येक कोंबडीच्या आतड्यात, विष्ठेत, शेडच्या धुळीत आणि पाण्याच्या पाइपात तो सापडतोच. त्याचे सगळे प्रकार आजार करत नाहीत. ओ१, ओ२ आणि ओ७८ यांसारखे काही प्रकार कोंबड्यांत अधिक वेळा आजार घडवतात. परंतु हे प्रकारसुद्धा शेडमध्ये आले म्हणजे लगेच मरतुक सुरू होते असे नाही. पक्षी धूळ श्वासावाटे आत घेतो, धुळीबरोबर जिवाणू फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात, आणि तेथे पहारा देणाऱ्या पेशी ठणठणीत असतील तर ते तेथेच संपतात. त्या पेशी ढिल्या पडलेल्या असतील, किंवा श्वासनलिकेचे अस्तर अमोनियाने अथवा एखाद्या विषाणूने आधीच सोललेले असेल, तर तेच जिवाणू रक्तात उतरतात आणि काळीज व हृदयाभोवती पिवळसर पांढरा थर साचतो. मेलेला पक्षी फाडल्यावर कढीवरच्या सायीसारखा दिसणारा तो थर बहुतेक पालकांनी पाहिलेला असतो.

म्हणून ‘इन्फेक्शन कुठून आले?’ या प्रश्नामागे धावण्यापेक्षा ‘गेल्या आठ-दहा दिवसांत पक्ष्यांना काय सोसावे लागले?’ हा प्रश्न आधी विचारलेला बरा. त्याचे उत्तर बहुधा शेडमधल्याच वहीत सापडते : एखाद्या दिवशी वीज नव्हती, एखाद्या दिवशी खाद्याची गाडी उशिरा आली, एखाद्या रात्री पडदे उघडे राहिले.

प्र. ३. ताणामुळे प्रतिकारशक्ती कमी होते म्हणजे आत काय घडते?

त्रास जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला आणि पीयूषिका अधिवृक्क ग्रंथीला निरोप देते. अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात येते. माणसात हे काम मुख्यतः कॉर्टिसॉल करते, पक्ष्यांत कॉर्टिकोस्टेरॉन. साठवलेली ऊर्जा मोकळी करून पळायला किंवा झुंजायला बळ देणे, हे त्याचे पहिले काम. काही मिनिटांच्या संकटात ते उपयोगी ठरते, पण संकट दिवसच्या दिवस टिकले तर हेच संप्रेरक वाढीचे आणि प्रतिकाराचे काम मागे ढकलते. थायमस आणि बर्सा या प्रतिकारपेशी घडवणाऱ्या अवयवांचे वजन घटते, रक्तातील लिम्फोसाइट या प्रतिकारपेशी कमी होतात, जिवाणू गिळणाऱ्या पेशींचा जोर ओसरतो आणि लसीला मिळणारा प्रतिसादही फिका पडतो.

कोंबडीच्या रक्तात जिवाणूंशी पहिली गाठ हेटरोफिल या पेशींची पडते. ताणात हेटरोफिलची संख्या वाढते आणि लिम्फोसाइटची घटते, म्हणून या दोहोंचे गुणोत्तर हे ताण मोजण्याचे माप मानले जाते. अमेरिकेतील ग्रॉस आणि सीगल या संशोधकांनी १९८३ साली ते मांडले, ०.२ च्या आसपास कमी ताण, ०.५ च्या आसपास मध्यम आणि ०.८ च्या आसपास जास्त ताण, अशी त्याची ढोबळ वाटणी आहे. येथे एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते : जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी संख्येने वाढल्या, तर आजार कमी व्हायला नको का? संख्या वाढली तरी दीर्घ ताणात त्या पेशींचे काम मंदावते. गावात माणसे पुष्कळ आहेत, पण सगळी थकून ओट्यावर बसली आहेत, अशातला तो प्रकार असतो.

याचा स्पष्ट पुरावा अमेरिकेत टर्की पक्ष्यांवर झालेल्या प्रयोगांतून मिळाला आहे. तेथे काही पक्ष्यांना डेक्सामेथासोन हे ताणाच्या संप्रेरकासारखे काम करणारे स्टेरॉइड औषध दिले आणि नंतर हवेच्या पिशवीत ई. कोलायची मात्रा सोडली. औषध दिलेल्या पक्ष्यांत हवेच्या पिशव्यांचा आजार, हाडांतील पू आणि मरतुक कितीतरी अधिक दिसली. खेड्यापाड्यांत जनावरांना सर्रास टोचले जाणारे डेक्सामेथासोन ते हेच. त्यामुळे ‘कोंबड्या मलूल दिसतात, थोडे स्टेरॉइड पाण्यातून देऊ का?’ असे कोणी विचारले, तर उत्तर ठाम नकाराचे आहे.

प्र. ४. ताणाचा फायदा थेट जिवाणूंनाही होतो, हे खरे आहे का?

होय, आणि या विषयातील हा सर्वांत विलक्षण भाग आहे. ताणाच्या वेळी शरीरात नॉरॲड्रिनलिन हे द्रव्यही सुटते व ते आतड्यातही उतरते. ई. कोलाय, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जिवाणू प्रयोगशाळेत हे द्रव्य मिळताच अधिक जोमाने वाढतात, कारण त्याच्या मदतीने त्यांना शरीराने जपून ठेवलेले लोह मिळवता येते. १९९० च्या दशकात मार्क लाइट या संशोधकाने या विषयाचा पाया घातला. त्याचा सरळ अर्थ असा की, यजमान अडचणीत आहे हे जिवाणूला एका परीने कळते, आणि तो नेमकी तीच वेळ साधतो.

प्र. ५. मे महिन्यात मरतुक होते ती उन्हाने की आजाराने?

दोन्ही, पण वेगवेगळ्या दिवशी. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान चांगले भरलेले, पाचव्या-सहाव्या आठवड्यातील पक्षी पंख पसरून, चोच उघडी ठेवून एकाएकी मेले तर ते उन्हाचे बळी. त्यानंतर तीन-चार दिवसांनी, ऊन थोडे उतरल्यावरही, रोज काही पक्षी झिजून, हिरवट हगवण लागून मरू लागले, तर त्यामागे बहुधा जिवाणू असतात, आणि त्यांना वाट त्या उन्हानेच करून दिलेली असते.

कोंबडीला घाम येत नाही. तिचे शरीर मुळात ४१ ते ४२ अंश सेल्सिअसवर चालते, आणि नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा अंगातली उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडणेच तिला अशक्य होते. उरतो तो एकच मार्ग, धापा टाकून तोंडातून वाफ सोडण्याचा. धापा टाकताना रक्तातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि रक्ताचा आम्लतेचा तोल बिघडतो. अंड्याचे कवच पातळ होते ते याच कारणाने. उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळवले जाते आणि आतड्याचा रक्तपुरवठा घटतो. आतड्याचे अस्तर ही एकाला एक चिकटलेल्या पेशींची भिंत असते. रक्त आणि प्राणवायू कमी पडला की त्या पेशींमधले सांधे सैल होतात, आणि आतड्यातले जिवाणू व त्यांचे विष रक्तात झिरपू लागते. ब्राझीलमधील संशोधकांनी मांसल कोंबड्यांना ३१ आणि ३६ अंशांच्या उष्णतेत ठेवून पाहिले, तेव्हा कॉर्टिकोस्टेरॉन वाढले, आतड्याला सौम्य सूज आली आणि जिवाणू गिळणाऱ्या पेशींचे काम मंदावले. आपल्याकडे ३६ अंश म्हणजे मे महिन्यातली एखादी बरी संध्याकाळ.

त्यात भर म्हणजे पक्षी उन्हात खाद्य सोडतो आणि पाण्यावर राहतो. एरवी एक किलो खाद्यामागे साधारण दोन लिटर पाणी लागते, ते कडक उन्हात चार लिटरच्याही वर जाते. विष्ठा पातळ होते, शेडच्या जमिनीवर अंथरलेली तुसाची गादी ओली होते, आणि ओल्या गादीत जिवाणूंची रेलचेल होते.

प्र. ६. शेडचे तापमान कमी करण्यासाठी कोणता खर्च आधी करावा?

आधी छप्पर, मग पाणी, मग पंखे. टिनाचे पत्रे दुपारी तव्यासारखे तापतात आणि ती आच थेट पक्ष्यांच्या पाठीवर उतरते. पत्र्यांवर चुन्याचा जाड थर द्यावा. पूर्व विदर्भात धानाचे तणस आणि पश्चिमेकडे पऱ्हाटी किंवा तुराट्या मिळतात, त्यांचा थर पत्र्यावर टाकला तर आणखी चांगले. मात्र वाळलेल्या काड्यांचा थर आणि जुने वायरिंग यांची जोडी धोक्याची असते. काड्या टाकण्यापूर्वी तारा तपासून घ्याव्यात आणि छपरावर पाणी शिंपडण्याची सोय करावी. नवे शेड बांधायचे असल्यास त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंनी आत घुसत नाही.

बाजूंना ओले बारदाने लटकवण्याचा उपाय विदर्भात उत्तम चालतो, कारण मे महिन्याची आपली हवा कोरडी असते. मात्र घरचा कूलर जसा मृग लागल्यावर नुसती चिकचिक करतो, तसेच हे बारदाने आणि पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फॉगरही हवेत दमटपणा आला की उलटतात. जूनच्या मध्यावर ढग दाटून आले, वारा पडला आणि तरीही फॉगर चालूच राहिला, तर धापा टाकणाऱ्या पक्ष्याला तोंडातून वाफ सोडणेही कठीण होते. त्या दिवसांत फॉगर बंद ठेवून पंख्याने हवा हलती ठेवणे, हाच मार्ग आहे.

उन्हाळ्याच्या बॅचमध्ये पक्ष्यांची संख्या दहा ते वीस टक्क्यांनी कमी ठेवावी. करार देणारी मंडळी याला नेहमी तयार होत नाहीत, ही अडचण खरी आहे. तरीही पिल्ले येण्यापूर्वी ही गोष्ट बोलून घ्यावी, नंतर बोलून उपयोग नसतो. खाद्य सकाळी दहाच्या सुमारास वर उचलावे आणि चार-पाचनंतर उतरवावे, कारण पचनातूनही अंगात उष्णता तयार होते. पहाटे दिवा लावून खाऊ घातले तर दिवसाची तूट बरीच भरून निघते.

प्र. ७. आमच्याकडे खारपाणपट्ट्याचे पाणी आहे. त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का?

आहे, आणि तो पुरेसा ओळखला जात नाही. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. असे पाणी पिणारा पक्षी तहानलेला राहतो, अधिक पितो, त्याची विष्ठा पातळ होते आणि गादी बाराही महिने ओलसर राहते. शिवाय अल्कधर्मी पाण्यात क्लोरीनची जंतुनाशक शक्ती घटते, म्हणजे ‘आम्ही ब्लिचिंग पावडर टाकतो’ असे सांगणाऱ्या शेडमध्येही पाण्यातले जिवाणू मरतातच असे नाही. पाण्याची तपासणी करून घ्यावी. क्षार फार असतील तर पिल्लांच्या पहिल्या दोन आठवड्यांपुरते तरी गोडे पाणी आणावे, किंवा गोड्या विहिरीचे पाणी मिसळून द्यावे.

ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, त्यामुळे हजार लिटर पाण्यात १० ग्रॅम टाकले तर दशलक्ष भागांस तीन भाग एवढा क्लोरीन मिळतो. उघड्या पोत्यातली वर्षभर जुनी पावडर ही मात्र नुसती चुन्यासारखी असते. आणखी एक गोष्ट म्हणजे छपरावरची काळी प्लास्टिकची टाकी : तिच्यातले पाणी दुपारी इतके तापते की पक्षी पाणी पिण्याच्या निपलला चोच लावून मागे फिरतो. टाकीवर सावली करावी, ओले गोणपाट गुंडाळावे. पाण्यातून गोडसर टॉनिक दिल्यानंतर पाइप धुतले नाहीत, तर त्या कोमट पाइपात जिवाणूंचा बुळबुळीत थर साचतो. पाइप मोकळे करून बोटाने चाचपून पाहिल्यावर तो कळतो.

प्र. ८. पावसाळ्यात शेडमध्ये डोळे चुरचुरतात. पक्ष्यांना किती त्रास होत असेल?

आपल्याहून जास्त, कारण त्यांचे नाक गादीपासून एका वितीवर असते. ओल्या गादीतील जिवाणू विष्ठेतल्या युरिक आम्लापासून अमोनिया तयार करतात. हवेत दशलक्ष भागांमागे २५ भागांपेक्षा अधिक अमोनिया झाला की श्वासनलिकेतील धूळ व जंतू बाहेर ढकलणारे बारीक केसांसारखे तंतू लुळे पडतात. हे तंतू म्हणजे शेडमधल्या धुळीपुढचा पहिला झाडू. तो थांबला की ई. कोलाय विनासायास हवेच्या पिशव्यांत उतरतो. येथे ताण आणि थेट इजा या दोन्ही गोष्टी एकाच वासातून होत असतात.

रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचे नाक सरावते, त्यामुळे त्याला वास कळेनासा होतो. पाहुण्याने किंवा शाळेतून आलेल्या मुलाने नाकाला हात लावला तर ती तक्रार खरी मानावी. गादी मुठीत दाबून पाहावी : गोळा तसाच राहिला तर ओल फार आहे, हात उघडताच भुगा सांडला तर फार कोरडी आहे, आणि गोळा होऊन हळूच फुटला तर ठीक. गादी रोज हलवावी, निपलखालचे ओले ढेप काढून बाहेर टाकावेत आणि नवे तूस घालावे. गोंदिया-भंडाऱ्याकडे राईस मिलमुळे तूस सहज मिळते. वऱ्हाडात ते महाग पडते म्हणून जुन्याच गादीवर दुसरी-तिसरी बॅच काढली जाते. असे करायचेच असेल तर दोन बॅचमध्ये पुरेसा खंड ठेवून गादी वाळवावी, नाहीतर मागच्या बॅचचे जिवाणू पुढच्या बॅचच्या पिल्लांना आयतेच मिळतात.

पावसाळ्यात खाद्याच्या पोत्यांखाली लाकडी फळ्या ठेवाव्यात. भिजलेल्या मक्यावरच्या बुरशीतून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते, आणि ते आजार उघड न दाखवताही प्रतिकारशक्ती पोखरते.

प्र. ९. डिसेंबर-जानेवारीत पडदे बंद ठेवले तर निदान थंडीचा ताण टळतो ना?

थंडीचा टळतो, अमोनियाचा वाढतो. विदर्भातील हिवाळी रात्री दहा अंशांच्याही खाली उतरतात, तेव्हा पडदे लावणे योग्यच आहे. पण वरची वीत-दीड वीत जागा हवा बाहेर जाण्यासाठी उघडी हवी. पडदा खालून वर चढणारा असावा, वरून खाली सोडायचा नसावा. दिवस वर आला की पडदे उतरवावेत. हिवाळ्यात सी.आर.डी. म्हणजे मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा जुनाट श्वसनरोग बळावतो तो बहुधा बंद पडद्यांमागेच. जाता जाता एक सूचना : मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे त्या भित्तिकेवर काम करणारी पेनिसिलिन गटातील औषधे त्यावर निरुपयोगी आहेत.

प्र. १०. पिल्ले आल्यावर पहिल्या चार दिवसांतच मरतात. यातही ताण असतो का?

असतो. हॅचरीतून शेकडो किलोमीटरचा प्रवास, तहान आणि थंड गादी या तिहींनी पोटातील बलक शोषला जात नाही, आणि बेंबीतून आत गेलेले ई. कोलाय त्या बलकात वाढतात. पिल्ले पोहोचण्यापूर्वीच ऊब देणारा ब्रूडर चालू करून गादी गरम करावी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश तापमान असावे. पिल्लांचे पाय गालाला लावून पाहावेत, थंड लागले तर पिल्ले गारठली आहेत.

प्र. ११. लस दिल्यानंतर कोंबड्या खोकतात आणि आठवड्याभरात मरतुक वाढते. लस वाईट होती का?

लसीला दोष देण्यापूर्वी ती कधी दिली ते पाहावे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा लस हा जिवंत, सौम्य केलेला विषाणू आहे. तो श्वासनलिकेच्या अस्तरात थोडा वाढतो आणि दोन-चार दिवस हलका खोकला येतो. निरोगी, आरामात असलेल्या पक्ष्यात तो आपोआप मावळतो. शेडमध्ये अमोनिया असेल, मायकोप्लाझ्मा असेल, किंवा लस भर दुपारी पक्षी पकडून दिली असेल, तर त्याच सोललेल्या अस्तरावर ई. कोलाय स्वार होतो. लस पहाटे किंवा सूर्य कलल्यावर द्यावी. ती पाण्यातून देताना आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद ठेवावा. त्याच आठवड्यात पक्ष्यांची जागा बदलणे, चोची कापणे किंवा खाद्य बदलणे टाळावे. आजारी पक्ष्यांना लस देऊ नये.

प्र. १२. लग्नातला डीजे आणि दिवाळीचे फटाके यांनी खरेच आजार येतो का?

आवाजाने पक्षी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, तळातले गुदमरून मरतात आणि वरच्यांच्या अंगावर ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांतून स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू आत शिरतो; पुढे सांधे सुजणे, तळपायाला गाठ येणे, कातडी काळी पडून सडणे हे प्रकार दिसतात. शेडचे कोपरे जाळीने गोलाकार करावेत. वरात शेडजवळून जाणार असेल तर मंद दिवा लावून ओळखीचा माणूस आत उभा ठेवावा.

प्र. १३. विक्रीपूर्वी कोंबड्या उपाशी ठेवाव्यात का, आणि किती वेळ?

आतडे रिकामे व्हावे म्हणून कापण्यापूर्वी साधारण आठ ते बारा तास खाद्य बंद ठेवण्याची रीत आहे, आणि ती योग्य आहे. मात्र पाणी शेवटपर्यंत चालू हवे. वेळ त्याहून लांबली तर उपाशी पक्षी गादी टोचू लागतो, गळ्यातील पिशवीतील उपयुक्त आम्ल घटते आणि तेथे साल्मोनेला वाढू लागतो. व्यापाऱ्याची गाडी रात्री येणार म्हणून सकाळीच खाद्य उचलले आणि गाडी दुसऱ्या दिवशी आली, ही आपल्याकडची नेहमीची कथा आहे. गाडी फाट्यावर आल्याचा फोन येईपर्यंत खाद्य उचलण्याची घाई करू नये.

अंड्यांवरील कोंबड्यांना पिसे गाळण्यासाठी सक्तीने उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत तर मुळातच टाळावी. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत, अशा उपाशी कोंबड्यांना संसर्ग होण्यासाठी साल्मोनेला एन्टेरिटिडिसची फारच थोडी मात्रा पुरते आणि त्या तो जिवाणू विष्ठेतून कितीतरी अधिक सोडतात, असे दिसून आले. हा जिवाणू अंड्यातून माणसापर्यंत येतो.

प्र. १४. सगळाच ताण वाईट असतो का?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी साच्यात बसत नाही. ग्रॉस आणि सीगल यांनीच केलेल्या प्रयोगांत, एकमेकांशी स्पर्धा करावी लागणाऱ्या, काहीशा ताणातल्या कोंबड्या विषाणू आणि मायकोप्लाझ्मापुढे दुबळ्या ठरल्या, पण ई. कोलायसारख्या जिवाणूंना त्यांनी अधिक चांगले तोंड दिले. बेताच्या ताणात हेटरोफिल वाढलेले असतात आणि त्यांचा जोर अजून ओसरलेला नसतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. म्हणजे ताणाची मात्रा, त्याचा कालावधी आणि समोरचा जंतू कोण, या तिन्हींवर परिणाम अवलंबून असतो. यावरून कोणी दाटी वाढवण्याचे समर्थन करू नये, कारण प्रत्यक्ष शेडमध्ये मायकोप्लाझ्मा, विषाणू आणि ई. कोलाय एकापाठोपाठ येतात. पहिल्या दोघांनी दार उघडले की तिसऱ्याविरुद्धचा तो थोडासा फायदा टिकत नाही.

त्याच संशोधकांचे दुसरे निरीक्षण आपल्या अधिक उपयोगाचे आहे. पिल्लांना लहानपणापासून माणसाच्या शांत, प्रेमळ वावराची सवय लावली तर पुढे त्यांची वाढ आणि ई. कोलायविरुद्धची प्रतिकारशक्ती दोन्ही सुधारतात. शेडमध्ये आरडाओरड करत, बादल्या आपटत फिरणारा गडी आणि हलक्या आवाजात बोलत सावकाश चालणारी घरची बाई, यांच्या शेडमधला फरक पालकांना प्रयोगाशिवायही ठाऊक असतो.

प्र. १५. आजार उघड होण्यापूर्वी ताण ओळखता येतो का?

रक्ततपासणी सगळ्यांना शक्य नाही, पण वही शक्य आहे. रोजचे पाणी, रोजचे खाद्य, सकाळ-दुपारचे तापमान आणि मरतुक या चार नोंदी ठेवल्या तर पाणी एकाएकी वाढणे किंवा खाद्य घटणे हे मरतुकीच्या दोन-तीन दिवस आधी दिसू शकते. रात्री दिवे मालवून दहा मिनिटे शेडमध्ये शांत उभे राहावे. शिंका आणि घरघर दिवसाच्या गलक्यात लपते, रात्री लपत नाही.

प्र. १६. उन्हाळा किंवा पावसाळा लागण्यापूर्वी अँटिबायोटिकचा एक कोर्स देऊन ठेवला तर?

देऊ नये. ताण तसाच राहतो, आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि मागे उरतात ते औषधाला न जुमानणारे. त्यांना पुढच्या ताणाच्या दिवशी मोकळे रान मिळते. एन्रोफ्लॉक्सासिन हे कोंबड्यांचे औषध माणसांच्या सिप्रोफ्लॉक्सासिनचे सख्खे भावंड आहे, त्यामुळे शेडमध्ये ते निकामी झाले तर त्याची झळ दवाखान्यातल्या रुग्णालाही लागते. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या आधाराचे औषध असल्याने भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्योपयोगी प्राणी व कोंबड्यांत त्याचा वापर आणि विक्री बंद केली. जुन्या साठ्यातील एखादे पाकीट कोणी ‘हगवणीवर रामबाण’ म्हणून पुढे केले, तर ते घेऊ नये.

आजार झाल्यावर डॉक्टरांनी तपासून दिलेले औषध पूर्ण दिवस द्यावे, आणि औषध थांबल्यानंतर ठरवून दिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत पक्षी किंवा अंडी विकू नयेत. भाव चढला असताना हे पाळणे जड जाते, हे ठाऊक असूनही हेच सांगावे लागते.

प्र. १७. जीवनसत्त्व ‘क’ आणि इलेक्ट्रोलाइट यांचा उपयोग होतो का?

होतो, योग्य वेळी. कोंबडी जीवनसत्त्व ‘क’ स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, पण कडक उन्हात ते पुरत नाही. किलोभर खाद्यामागे २०० ते २५० मिलिग्रॅम इतकी मात्रा उन्हाळ्यात सुचवली जाते. ते पाण्यातून द्यायचे असेल तर क्लोरीन टाकलेल्या पाण्यात देऊ नये, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांचे मिश्रण, ऊन चढण्यापूर्वी, सकाळीच सुरू करावे. खारपाणपट्ट्यात ते घालण्यापूर्वी पाण्यातील क्षार पाहून डॉक्टरांना विचारावे. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या इतर बाटल्यांपेक्षा त्याच पैशांत छपरावर टाकलेला चुना अधिक काम करतो, असे आमचे मत आहे.

प्र. १८. दारातल्या गावरान कोंबड्यांना कसला आला ताण?

त्या मोकळ्या फिरतात, म्हणून दिवसाचा ताण कमी. रात्रीचा मात्र बराच. एका लहानशा खुराड्यात पंधरा-वीस पक्षी, तळाशी महिन्याची विष्ठा आणि फटीफटींत रक्त पिणारे गोचीड व पिसवा, अशी स्थिती अनेक घरांत असते. त्यातच आठवडी बाजारातून नवी कोंबडी आणून थेट त्यात सोडली जाते. नवा पक्षी प्रवासाने शिणलेला असतो आणि अशा वेळी तो पाश्चुरेला किंवा साल्मोनेला यांसारखे अंगात दडलेले जिवाणू अधिक सोडतो. जुन्या कोंबड्या त्याच्याशी मारामारी करून स्वतःही ताणात येतात. पंधरा ते वीस दिवसांत तुरे निळे पडून, हिरवी-पिवळी हगवण लागून अर्धे खुराडे रिकामे होते आणि ‘हवा लागली’ असे म्हटले जाते. नवी कोंबडी किमान दोन आठवडे वेगळ्या टोपल्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवावी.

प्र. १९. मरतुक वाढली तर नमुना कोठे आणि कसा न्यावा?

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत न्यावा; नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था या दोन्ही ठिकाणी तज्ज्ञ उपलब्ध असतात. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांकही आहे. एकाच दिवसात मोठ्या संख्येने पक्षी मेले, डोकी सुजली किंवा तुरे जांभळे पडले, तर बर्ड फ्लूची शंका धरून पक्षी घरी फाडू नये, कोठे हलवूही नये. दवाखान्याला कळवून अधिकारी येईपर्यंत शेडमधली ये-जा बंद ठेवावी.

एरवी अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वीचे दोन-तीन आजारी जिवंत पक्षी आणि नुकतेच मेलेले दोन पक्षी न्यावेत. उन्हाळ्यात मेलेला पक्षी तीन-चार तासांतच कुजू लागतो, आतड्यातला ई. कोलाय सगळ्या अवयवांत पसरतो, आणि मग प्रयोगशाळेत तोच उगवतो, आजार कशानेही झालेला असो. म्हणून पक्षी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवावा, एसटीच्या टपावर ठेवू नये, आणि सोबत गेल्या पंधरा दिवसांची वही न्यावी.